सहा महिन्यांची सक्तीची रजा

मंडळी, १९७१ चा ‘तेरे मेरे सपने’ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. खाणकामगारांच्या गावात सेवा करायला गेलेला डॉक्टर देव आनंद पुढे मुंबईत पैशाच्या मागे लागतो, ती गोष्ट. तिचे मूळ मात्र आपल्या इथले, साऊथ वेल्समधले आहे. १९३७ साली आलेल्या ‘द सिटाडेल’ या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला, आणि तिचे लेखक डॉ. ए. जे. क्रोनिन हे स्वतः खाणगावातले डॉक्टर होते.

क्रोनिन यांचा जन्म १८९६ चा, स्कॉटलंडमधला. १९१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि १९२१ मध्ये ट्रेडेगार या वेल्समधल्या गावी आले. पत्नीही डॉक्टरच. ट्रेडेगारमध्ये कामगारांनी १८९० पासून स्वतःची ‘मेडिकल एड सोसायटी’ चालवली होती. पगारातल्या दर पौंडामागे तीन पेन्स द्यायचे आणि घरातल्या सर्वांना डॉक्टर, औषध मिळायचे. आपल्याकडच्या भिशीसारखेच, पण आजारपणासाठी! याच गावचे अन्युरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू झाली. क्रोनिन यांच्या कादंबरीने लोकमत तयार केले असे म्हणतात. पण मूळ नमुना त्या खाणकामगारांचा, हे विसरू नये.

१९२४ मध्ये क्रोनिन खाणींचे वैद्यकीय निरीक्षक झाले. कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या विकारांवर त्यांनी अहवाल लिहिले. मग लंडनला प्रॅक्टिस. चांगला जम बसला आणि १९३० मध्ये पोटाने दगा दिला. ड्युओडेनल अल्सर! सहा महिने पूर्ण विश्रांती आणि दुधाचा आहार, असा हुकूम झाला. नाइलाजाने ते स्कॉटलंडमधल्या लॉक फाइनकाठच्या एका शेतघरात जाऊन राहिले. रिकामपण खायला उठले म्हणून कादंबरी लिहायला बसले. अर्ध्यात कंटाळून हस्तलिखित उकिरड्यावर टाकले. बाहेर एक म्हातारा शेतकरी दलदलीची जमीन खणत होता. बापाने जन्मभर खणली, आता मी खणतो, कधीतरी इथे कुरण होईल, असे तो म्हणाला. क्रोनिन खजील होऊन परतले आणि भिजलेली पाने उचलून आणली. ही हकीकत त्यांनीच आठवणींत लिहिली आहे. ‘हॅटर्स कॅसल’ तीन महिन्यांत पूर्ण झाली, १९३१ मध्ये छापली गेली, आणि डॉक्टर पुन्हा प्रॅक्टिसकडे वळले नाहीत. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते वारले.

हे सगळे आरोग्याच्या पानावर कशाला? सांगते. आमचे ‘हे’ व्हॅलीजमध्ये बरीच वर्षे जीपी होते. गाडीच्या कप्प्यात अँटासिडची बाटली कायम. “अगं, थोडी अ‍ॅसिडिटी आहे,” एवढेच उत्तर. रुग्णाने असे सांगितले असते तर त्याला लगेच तपासायला पाठवले असते! शेवटी एका रात्री काळी शौचास झाली आणि अँब्युलन्स बोलवावी लागली. डॉक्टरच स्वतःच्या दुखण्याकडे शेवटी बघतो, हे मी घरात पाहिले आहे.

क्रोनिन यांच्या काळी अल्सरला दूध आणि विश्रांती हाच उपाय मानत. आज आपल्याला माहीत आहे की पुष्कळ अल्सर ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूमुळे होतात. हा शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. ज्यांचे लहानपण भारतात गेले त्यांच्यात हा जंतू अधिक आढळतो, म्हणून आपण जास्त जागरूक हवे. श्वासाची किंवा शौचाची साधी तपासणी असते. अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या तपासणीपूर्वी दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात. त्या जीपीला विचारूनच थांबवा. जंतू सापडला तर सहसा आठवडाभराची अँटिबायोटिक्स आणि गोळ्या पुरतात. गुडघेदुखीसाठी आपल्या मनाने आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांनीही जपावे, त्यानेही अल्सर होतो. शौचास काळी होणे किंवा रक्ताची उलटी झाल्यास वाट न पाहता ९९९ फिरवावा. वजन विनाकारण घटत असेल किंवा घास अडकत असेल तर जीपीकडे जाणे लांबवू नये.

आणि थोडे पैशाचे. क्रोनिन यांच्या काळी प्रॅक्टिस विकत घ्यावी लागे आणि विकताही येई. एनएचएस आल्यावर ही विक्री बंद झाली. आज नोकरदारांना आजारपणात स्टॅट्युटरी सिक पे जास्तीत जास्त २८ आठवडे मिळतो, आणि तो पगाराच्या मानाने तुटपुंजा असतो. दुकान किंवा स्वतःचा धंदा असणाऱ्यांना तर तोही नाही. सहा महिने घरी बसावे लागले तर घराचे हप्ते कसे भरणार, हा हिशेब पती-पत्नीने एकदा कागदावर मांडावा. इन्कम प्रोटेक्शन पॉलिसी घेतलीच तर पैसे कितव्या आठवड्यापासून सुरू होतात, ते आधी वाचावे.

सक्तीच्या रजेत प्रत्येकाच्या हातून कादंबरी होईलच असे नाही. आमच्या ह्यांनी बरे झाल्यावर बागेत मेथी लावली. तीही चांगली आली.