मनीच्या पोटात काय दडलंय?

बालमित्रांनो, तुमच्या घरातली मनी किती वर्षांची झाली? दहा-बारा? मग एक गंमत करा. वजनाच्या काट्यावर आधी एकटे उभे राहा आणि आकडा लिहा. मग मनीला कडेवर घेऊन उभे राहा. वजाबाकी केली की निघालं मनीचं वजन!

समजा, ते ४ किलो भरलं. दोन महिन्यांनी साडेतीन भरलं, तर "अर्धाच किलो ना!" असं म्हणू नका. अर्धा किलो म्हणजे मनीचा आठवा हिस्सा. ४० किलोच्या मुलाचं वजन ५ किलोनं उतरलं, तर आई गप्प बसेल का?

मांजर मोठं लबाड, बरं का. दुखलं-खुपलं तरी ओरडत नाही. माळ्यावर नाहीतर पलंगाखाली गुपचूप बसून राहतं. ओकारी झाली की आपण म्हणतो, केस गिळले असतील. वाळली की म्हणतो, वय झालं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण म्हाताऱ्या मांजराच्या आतड्यात कधी कधी गाठ वाढत असते. त्यांच्या आतड्यात सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे लिम्फोमा. रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच यात बेसुमार वाढत सुटतात. (मांजराचा हा रोग माणसाला लागत नाही, तेव्हा मनीला घराबाहेर काढू नका.)

डॉक्टर आधी बोटांनी पोट चाचपतात. पण हाताला लागलेला गोळा ही साठलेली विष्ठाही असू शकते! मग विष्ठेत जंत आहेत का ते पाहतात. रक्तही तपासतात, कारण मूत्रपिंड किंवा थायरॉइड बिघडलं तरी मांजर वाळतं. एक्स-रेत हाडं छान दिसतात, मऊ आतडी तेवढी नाहीत. तिथं सोनोग्राफी कामाला येते. आपल्याला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचं. निरोगी मांजराच्या लहान आतड्याची भिंत जेमतेम २-३ मिलिमीटर जाड असते. ती जाड दिसली, की शंका येते.

पण खरी पंचाईत इथंच आहे. आतड्याला जुनाट सूज असली तरी भिंत जाडच दिसते! लिम्फोमाचा एक सावकाश वाढणारा प्रकार तर पडद्यावर अगदी सुजेसारखाच दिसतो. मग भूल देऊन आतड्याचा बारीकसा तुकडा काढतात. तो फॉर्मालिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्याचे ४-५ मायक्रॉनचे काप करतात. एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रॉन असतात, म्हणजे बघा किती पातळ! हे काप जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवतात. त्यातला जांभळा रंग मूळचा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखतात. तरीही कधी कधी आणखी चाचण्या लागतात.

एवढा खटाटोप कशाला? तर औषध त्यावर ठरतं. सावकाश वाढणाऱ्या प्रकारात गोळ्यांवर पुष्कळ मांजरं दोन-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त जगतात. झपाट्यानं वाढणारा प्रकार मात्र अवघड असतो, तिथं डॉक्टरांचेही हात टेकतात.

आमच्या किनवटकडे जनावरांचा डॉक्टर म्हटलं की बैल आणि शेळ्याच आठवतात. पण मांजरालाही आधी त्यांनाच दाखवायचं. पुढची तपासणी लागली, तर कुठं जायचं तेही त्यांनाच विचारायचं. मराठवाड्यात परभणीला १९७२ पासून आणि उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईत परळचं तर १८८६ सालचं!

आणि हो, पालकांनो, घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चुकूनही देऊ नका. एका गोळीनंही मांजर दगावू शकतं.

दवाखान्यात जाताना वही न्या. कोणत्या तारखेला किती वजन, किती वेळा ओकारी, जेवण कमी की उलट जास्त, सगळं लिहिलेलं असू द्या. ओकारीचा मोबाइलवर फोटोही काढा. घरचे "शी!" म्हणतील, पण डॉक्टर तो नीट निरखून बघतील.