शेंड्यावर लटकलेली अळी

हरभऱ्याच्या रानात सकाळी लवकर शिरलं की पोटऱ्यांना आंब लागते. लातूरकडे येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आसपास पीक फुलाघाट्यावर येतं आणि त्याच दिवसांत घाटे अळीही येते. घाट्याला गोल भोक, तोंड आत, अर्धं अंग बाहेर, अशी ती खात बसते. एन.पी.व्ही. या विषाणूची फवारणी झालेल्या रानात मात्र आठवड्याभरानं वेगळंच दिसतं. अळ्या शेंड्यापर्यंत चढून मागच्या पायांवर उलट्या लोंबत असतात, काळपट, सुजलेल्या. बोट लावलं की कातडं फुटतं आणि आतून पातळ, गढूळ द्राव गळतो. अळीचं सगळं अंग आतल्या आत विरघळलेलं असतं.

त्या द्रावात विषाणूचे दाणे असतात. प्रत्येक दाणा म्हणजे प्रथिनाची एक घट्ट कुपी, आत विषाणू बंद. थेंब खालच्या पानांवर पडतात, ती पानं दुसरी अळी खाते. बाटलीवर मात्रा ‘एल.ई.’मध्ये लिहितात, म्हणजे हिशेब अळीचाच: १ एल.ई. म्हणजे एका रोगट अळीतून निघतील इतके दाणे, ६ अब्ज. हेक्टरी २५० ते ५०० एल.ई. फवारतात, तेही संध्याकाळी आणि पाण्यात थोडी नीळ घालून, कारण उन्हातले अतिनील किरण या विषाणूला निकामी करतात.

६ अब्ज या आकड्यापाशी मी दरवेळी अडखळतो. विषाणूला स्वतःहून एक कणही घडवता येत नाही. अळीच्या पेशीत शिरायचं आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घ्यायच्या, एवढंच त्याचं जगणं. या कामाला वेळ लागतो. दाणे तर अगदी शेवटी भरतात, त्याला दिवस जातात. तोवर पेशी जिवंत हवी. शेंड्याला लोंबणारी अळी मेलेली आहे खरी, पण तिच्या पेशी लवकर मेल्या असत्या तर हा द्राव तयारच झाला नसता. आणि विषाणू आत आल्याचा सुगावा लागताच मरून जाणं हा तर पेशीचा फार जुना उपाय आहे. ती वेळेवर मेली की विषाणूचं काम अर्ध्यावर राहतं आणि शेजारणी वाचतात.

पेशीला मरता येतं, हे वाक्य कानाला विचित्र वाटेल. वादळात अर्धवट मोडलेली फांदी आठवून पाहा. तिची पानं वाळतात, कुरकुरीत होतात, पण गळत नाहीत, कितीतरी दिवस तशीच चिकटून राहतात. देठाशी पेशींचा खास थर तयार करून पान सोडून देणं जिवंत फांदीलाच जमतं. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांनी १९७२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये पेशींच्या अशाच गळण्याला नाव दिलं: ॲपॉप्टॉसिस. शब्द सुचवला ॲबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानगळ.

केर यांनी त्याआधीच उंदराच्या यकृताचा काही रक्तपुरवठा बांधून पाहिला होता. भाजलेली किंवा ठेचलेली पेशी फुगते, फुटते, भोवती सूज येते. पण इथं काही पेशी एकेकट्या आक्रसत होत्या, त्यांचे नीट वेष्टनात गुंडाळलेले तुकडे होत होते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकत होत्या. सूज नाही, पू नाही. गर्भात आपली बोटं सुटी होतात तीही मधल्या पडद्याच्या पेशी अशाच गळून गेल्यामुळे.

हे काम करणारी हत्यारं सापडली एका मिलिमीटरभर जंतात. त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात, उरतात ९५९. प्रत्येक जंतात त्याच १३१. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून हा वंशवृक्ष मांडला, रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी मरण घडवणारी जनुकं शोधली, आणि सिडनी ब्रेनर यांच्यासह दोघांना २००२ चं नोबेल मिळालं. त्यातलं मुख्य जनुक कॅस्पेज नावाचं विकर बनवतं. ही कात्री प्रत्येक पेशीत आधीपासून मिटलेली पडून असते. उघडली की ती पेशीचीच प्रथिनं ठरावीक जागी कापत सुटते. पेशीच्या पटलात आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद बाहेरच्या बाजूला येतो. ती शेजाऱ्यांसाठी खूण असते: मला उचला.

आता पुन्हा अळीकडे. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात लॉइस मिलर आणि त्यांचा विद्यार्थी रॉली क्लेम घाटे अळीच्या विषाणूच्याच कुळातल्या एका विषाणूवर काम करत होते. तो लसूणघासावरच्या अळीतून मिळालेला. त्याची लागण ते काचपात्रात वाढवलेल्या पेशींना करत, आणि त्या पेशी मूळच्या लष्करी अळीच्या. २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात सापडून मग आपल्या मक्यावर तुटून पडली तीच ही. विषाणूचा एक बिघडलेला वाण या पेशींत सोडला की दाणे भरण्याआधीच त्यांच्यावर बुडबुडे उठून त्यांचे तुकडे तुकडे होत. १९९१ साली या दोघांनी दाखवलं की त्या वाणात पी-३५ हे एकच जनुक बिघडलेलं होतं. पेशी मरायला केव्हाही तयार होती, पी-३५ तिला मरू देत नव्हतं. तोच बिघडलेला वाण कोबीवरच्या एका अळीच्या पेशींत मात्र व्यवस्थित वाढत असे, कारण त्या पेशी या लागणीला असं उत्तर देतच नाहीत.

पी-३५ ची तऱ्हा पुढे उलगडली, ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. हे प्रथिन कॅस्पेजच्या तोंडात स्वतःच जातं. कापलंही जातं. पण कापलं जाताच त्याचा आकार बदलतो, तुटलेली कड कॅस्पेजला रासायनिक बंधानं जखडून ठेवते आणि कात्री त्याच घासावर अडकते. किड्याच्या विषाणूतलं हे प्रथिन १९९४ मध्ये त्या जंतात घालून पाहिलं, तर ठरलेल्या वेळी मरायच्या पेशी जगल्या. सस्तन प्राण्यांच्या पेशींतही ते चाललं. अळी, जंत आणि आपण कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालो, तरी कात्री तीच राहिली.

माणसांच्या विषाणूंनी आपापल्या युक्त्या काढल्या आहेत. ॲडिनोव्हायरसकडे आपल्याच बीसीएल-२ या मरण रोखणाऱ्या प्रथिनाची नक्कल आहे. हेच बीसीएल-२ जास्त झालं की काही रक्तपेशी मरायच्या थांबतात आणि कर्करोग होतो. त्याला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ पासून वापरात आहे.

पण कात्री जखडली म्हणून पेशी हरत नाही. देवीच्या लसीतला व्हॅक्सिनिया विषाणू कॅस्पेज बंद पाडतो, तेव्हा पेशी दुसरी वाट धरते. तिथं रिप-३ हे प्रथिन कामाला लागतं, पटलाला भोकं पडतात आणि पेशी फुटते. हे मरण गाजावाजाचं, सूज आणणारं, रोगप्रतिकारक पेशींना हाक देणारं. रिप-३ नसलेले उंदीर या विषाणूपुढे टिकत नाहीत, हे २००९ साली दिसलं. एचआयव्हीत मात्र हीच तत्परता अंगावर येते. विषाणूची लागण धड पूर्णही न झालेल्या असंख्य टी-पेशी सूज पसरवत मरतात आणि ती सूज नव्या पेशींना तिथं ओढून आणते.

व्हॅक्सिनियाची आणखी एक चाल २००८ साली कळली. तो मरणाऱ्या पेशीची ती खूण, फॉस्फॅटिडिलसेरीन, अंगावर पांघरतो. धडधाकट पेशी त्याला मेलेल्या शेजारणीचा तुकडा समजून, आवराआवर करायची म्हणून, आपणहून आत घेते. डेंग्यूचा विषाणूही याच खुणेचा फायदा घेतो.

हरभऱ्याच्या रानात काही शेतकरी लोंबणाऱ्या अळ्या डब्यात वेचतात, पाण्यात चुरगाळून फडक्यातून गाळून घेतात आणि ऊन कललं की ते गढूळ पाणी पंपात भरून उरलेल्या पिकावर मारतात.