कोटींचा आकडा म्हणजे कामाचा पुरावा नव्हे

‘सिंचनासाठी इतके हजार कोटी दिले, आरोग्यासाठी तितके दिले, आता आणखी काय करायचं?’ अर्थसंकल्पाच्या दिवसांत हा सवाल सत्ताधारी बाकांवरून येतो. विरोधकांचं उत्तरही ठरलेलं असतं: आमच्या काळात याहून जास्त दिले होते. वाहिन्यांवरची चर्चा याच आकड्यांभोवती फिरते आणि गावातल्या पारावरचीही. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, त्याने किती खर्च केला यावरून त्याचं काम ठरतं, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. तो इतक्यांदा कानावर येतो की आता त्यावर सविस्तर लिहिणं भाग आहे.

पेरणीला किती पोती बियाणं लागलं यावरून कोणताही शेतकरी पीक कसं आलं ते सांगत नाही. सरकारच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच ऐकून घेतो. तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच मोजाव्या लागतात. पहिली, तिजोरीतून गेलेला पैसा. दुसरी, त्या पैशातून उभं राहिलेलं काम: धरण, दवाखाना, नळजोडणी. तिसरी, त्या कामामुळे लोकांच्या जगण्यात पडलेला फरक: भिजलेलं शेत, वाचलेलं मूल, घरात आलेलं पाणी. पहिली गोष्ट मोजायला सगळ्यात सोपी, म्हणून तीच मिरवली जाते. तिसरी मोजायला वेळ लागतो, माणसं लागतात, आणि निकाल गैरसोयीचा निघू शकतो.

महाराष्ट्राला हा फरक एकदा चांगलाच कळला होता. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत एक तक्ता होता. एकूण पिकांखालच्या क्षेत्रापैकी ओलिताखाली किती, हे त्यात दिलं होतं. २०००-०१ मध्ये हे प्रमाण १७.८ टक्के होतं, २००९-१० मध्ये १७.९ टक्के. त्याच दशकात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये गेल्याचा आकडा तेव्हा राजकारणात गाजला. नेमका खर्च किती, यावर पुढे वाद झाले, पण तो हजारो कोटींत होता याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

इथे टीकाकारांचाही एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दहा वर्षांत सिंचन ०.१ टक्क्याने वाढलं’ हे वाक्य तेव्हापासून भाषणांतून फिरतं आहे. ते वाचताना सांभाळावं लागतं. तो तक्ता एकूण पेऱ्यातला ओलिताचा वाटा सांगत होता. पेराच वाढला तर भिजलेलं क्षेत्र वाढूनही वाटा तेवढाच राहू शकतो. शिवाय तो आकडा कृषी खात्याकडून येतो, तर जलसंपदा खात्याची मोजणी वेगळी असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने सिंचनाची श्वेतपत्रिका काढली. तिच्यात प्रत्यक्ष सिंचन ५.१७ टक्क्यांनी आणि सिंचनक्षमता सुमारे २८ टक्क्यांनी वाढल्याचं म्हटलं होतं.

या दोन आकड्यांमधली दरीच खरी बोलकी आहे. धरण झालं, कालवा झाला, की आराखड्याप्रमाणे जेवढी जमीन भिजायला हवी तेवढी ‘निर्मित सिंचनक्षमता’ म्हणून कागदावर चढते. प्रत्यक्षात वितरिका अपुऱ्या असतात, चाऱ्या फुटलेल्या असतात. कालव्याच्या मुखाशी ऊस उभा राहतो आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत आवर्तन पोचतच नाही. धरणातलं पाणी वाढत्या शहरांकडे वळतं. म्हणजे क्षमता कागदावर वाढते आणि शेपटाकडचं शिवार कोरडं राहतं. खात्याने क्षमतेचा आकडा सांगितला तर तो खोटा नसतो. पण शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरही नसतं.

मग त्या वादातून आपण काय शिकलो? मोजमाप सुधारायला हवं होतं: दोन्ही खात्यांचे आकडे जुळवायचे, उपग्रहाच्या छायाचित्रांशी ताडून पाहायचे आणि दरवर्षी छापायचे. झालं उलटंच. पुढे अनेक वर्षं आर्थिक पाहणीत त्या प्रमाणाच्या रकान्यात आकडाच येईनासा झाला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो या गोष्टीचा. चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो, न दिलेल्या आकड्याशी वादही घालता येत नाही. आणि माप नसलं तरी पुढच्या वीस वर्षांचं पाण्याचं नियोजन थांबत नाही, ते अंदाजाने होत राहतं.

खर्चाला काम समजण्याची किंमत पाहायची असेल तर वैनगंगेवरच्या गोसीखुर्दकडे पाहावं. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाची मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवणं हे उद्दिष्ट होतं. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या पुढे गेली. दर सुधारणेनंतर ‘विदर्भासाठी एवढा निधी’ अशी घोषणा होऊ शकते. वाढलेली किंमत हे विलंबाचं माप आहे, ती कर्तबगारी म्हणून सांगता येते ही आपल्या मोजण्यातली खोट आहे.

विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष हेही याच चुकीचं उदाहरण. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने फार मोलाचं काम केलं होतं. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे समितीने आधी किलोमीटर, हेक्टर, खाटा अशा मापांत पाहिलं. मग ती तूट भरायला किती पैसे लागतील ते काढलं. उत्तर आलं ३,१८६.७८ कोटी रुपये. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवरून १४,००६.७७ कोटींचा नवा आकडा दिला.

मग सगळ्यांच्या लक्षात राहिले ते फक्त रुपये. समितीसाठी रुपये हे तूट मोजण्याचं साधन होतं, सरकारी हिशेबात ती तूटच होऊन बसली. जुन्या किमतींवर गोठवलेली रक्कम वर्षागणिक वाटली गेली आणि ती संपल्यावर ‘आर्थिक अनुशेष दूर झाला’ असं जाहीर झालं. भौतिक अनुशेष मात्र शिल्लक होता, अमरावती विभागातल्या सिंचनाचा तर ठळकपणे. हेक्टरांत मोजलेली तूट हेक्टरांतच भरायला हवी, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

सरकारी खर्चाचा असा हिशेब तपासतो तो कॅग, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक. ‘मग कॅगने काही म्हटलं की लगेच ते ब्रह्मवाक्य मानायचं का?’ असाही प्रश्न येतो. नाही, मानू नये, पण वाचावं जरूर. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात कॅगने जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण अभियानाचा हिशेब तपासला. सुमारे ९,६३४ कोटी खर्चूनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण होणं आणि भूजल पातळी वाढणं, या दोन्ही उद्दिष्टांवर अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अभियानाच्या समर्थकांनी आक्षेप घेतला की तपासणी १२० गावांची झाली आणि कामं २२ हजारांहून अधिक गावांत झाली होती. आक्षेप रास्त आहे, नमुना कसा निवडला हे विचारलंच पाहिजे. पण मग त्यावरचा उपाय मोठा नमुना घेणं हा आहे. अभियान सुरू होताना प्रत्येक गावाची विहिरींची पातळी, पाऊस आणि पिकं नोंदवून ठेवली असती आणि दरवर्षी त्रयस्थाकडून मोजून घेतली असती, तर कॅगवर अवलंबून राहण्याची वेळच आली नसती. किती बंधारे बांधले, किती नाले खोल केले, याचा आकडा पहिल्या दिवसापासून तयार होता.

जल जीवन मिशनमध्येही हाच धोका आहे. ‘इतक्या घरांना नळ’ हा आकडा ठळक छापला जातो. योजनेचा निकष मात्र दरडोई दररोज ५५ लिटर शुद्ध पाणी, तेही नियमित, असा आहे. नळ भिंतीला आहे की त्यातून वर्षभर पाणी येतं, या दोन स्वतंत्र मोजण्या आहेत.

काही जणांना वाटतं की परिणाम मोजणं हे परदेशी सल्लागारांचं नवं खूळ आहे. तसं नाही. कामगिरीवर आधारलेल्या अर्थसंकल्पाची शिफारस पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६० च्या दशकातच केली होती आणि केंद्र सरकारने पहिला निष्पत्ती अर्थसंकल्प २००५ मध्ये मांडला.

बाकीचे समज थोडक्यात.

‘आपण देशात दुसरे आलो म्हणजे राज्य उत्तम चाललंय.’ २०२१ च्या सुशासन निर्देशांकात महाराष्ट्र आपल्या गटात गुजरातनंतर दुसरा होता हे खरं. पण दुसरं राज्य घसरलं तरी आपला क्रमांक वर जातो, तेव्हा क्रमांकाआधी आपलेच गेल्या वर्षीचे गुण पाहावेत.

‘दरडोई उत्पन्न मोठं, म्हणजे सगळं ठीक.’ २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ होता आणि नंदुरबारचा ०.६०४, या दोघांच्या सरासरीत कुणीच राहत नाही.

‘कॅग म्हणजे घोटाळा पकडणारं खातं.’ घोटाळा नसलेली योजनाही निष्फळ ठरू शकते, आणि ते तपासायला कामगिरी लेखापरीक्षण असतं.

‘शंभर दिवसांचा कार्यक्रम म्हणजे मूल्यमापन झालं.’ २०२५ मध्ये राज्य सरकारने कार्यालयांचं संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण अशा सात मुद्द्यांवर भारतीय गुणवत्ता परिषदेकडून गुण घेतले. बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेणं आणि निकाल जाहीर करणं, दोन्ही स्वागतार्ह आहे. पण त्यातून कार्यालय कसं चालतं ते कळतं. ‘विकसित महाराष्ट्र २०४७’ या सरकारच्याच उद्दिष्टाच्या दिशेने जिल्हा किती सरकला, ते त्यातून कळत नाही.

‘खरा परिणाम दिसायला वीस वर्षं लागतात, मग पाच वर्षांच्या सरकारला जाब कसा विचारणार?’ या समजाला एका ओळीत वाटेला लावता येत नाही, कारण यात अर्धं सत्य आहे. शाळा सुधारल्याचं फळ पिढीने दिसतं. पण त्या वाटेवरचे टप्पे मोजता येतात आणि याच राज्याने ते मोजून दाखवले आहेत. २००५ मध्ये कुपोषण कमी करण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. २०१२ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून राज्यव्यापी पोषण सर्वेक्षण करून घेतलं गेलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण सात वर्षांत ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या आसपास आल्याचं त्यात दिसलं. सुरुवातीचा आकडा हातात होता, मोजणारी संस्था योजना राबवणारी नव्हती आणि मोजलं गेलं ते मूल. वाटलेल्या आहाराची पाकिटं नव्हे.

त्यानंतरचं चित्रही मोजमापामुळेच दिसतं, आणि ते चांगलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं राज्यातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ३५.२ झालं. याच काळात १५ ते ४९ वयोगटातल्या रक्तक्षयी स्त्रियांचं प्रमाण ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेलं. पहिल्या आकड्यातला फरक लहान आहे, नमुना सर्वेक्षणात एवढं मागेपुढे होऊ शकतं. पण खुजेपणातली घट थांबली एवढं तरी त्यातून निश्चित कळतं आणि रक्तक्षयाची वाढ दुर्लक्ष करण्याएवढी लहान नाही. कोणत्याही खात्याच्या खर्चाच्या तक्त्यातून हे कधीच कळलं नसतं.

आता वाचकांना एक विनंती. राज्याची आर्थिक पाहणी सहसा अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी मराठीत प्रसिद्ध होते आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येते. आपल्या जिल्ह्याच्या प्रश्नाचं एकच प्रकरण उघडा: पाणी, शाळा, दवाखाना, काहीही. त्यात ‘तरतूद’ आणि ‘खर्च’ हे रकाने सोडून परिणामाचा रकाना शोधा. तो नसेल, किंवा त्यात ‘उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असेल, तर आपल्या आमदाराला पत्र लिहून तोच आकडा तारांकित प्रश्नातून सभागृहात मागायला सांगा. मंत्र्यांना त्याचं उत्तर सभागृहात द्यावं लागतं.