काचेच्या तंतूचा सांधा

गेल्या हंगामात आमच्या पेढीवर घडलेला एक साधा प्रसंग या लेखास निमित्त झाला आहे. तांदळाचा ट्रक भरून दारात उभा, चालकाची घाई, आणि ई-वे बिल काही केल्या निघेना. इंटरनेटच्या पेटीवर तांबडा दिवा लागलेला. शेवटी बिल शेजारच्या दुकानातून काढून घ्यावे लागले. दुपारी सेवा पुरविणाऱ्यांचा माणूस आला. त्याने वायरीचे टोक उपसले, सदऱ्याच्या पदराने पुसले व परत खोचले. दिवा हिरवा झाला. दिवेलागणीस पुन्हा तांबडा. तिसऱ्या दिवशी दुसरा एक तरुण कारागीर आला. त्याने लहानसा सूक्ष्मदर्शक त्या टोकास लावून आम्हांस पडद्यावर दाखविले : गोल चकतीच्या ऐन मध्यावर बोटाचा तेलकट डाग आणि कापडाचे दोन धागे. त्या डागाने आमचा व्यवहार तीन दिवस खोळंबविला होता.

जिला आपण वायर म्हणतो तिच्यात धातू नसतोच. असतो तो काचेचा तंतू. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणी आपल्याच जिल्ह्यात असल्याने तारेची गोष्ट आपणांस परिचित आहे. तांब्याच्या दोन तारा कशाही पिळल्या तरी वीज पलीकडे जाते. प्रकाशाचे तसे नाही. काचेच्या तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. आणि प्रकाश वाहतो तो त्याच्या मधल्या गाभ्यातून, ज्याची रुंदी अवघी ९ मायक्रॉनच्या आसपास असते. दोन तंतू जोडावयाचे तर हे दोन गाभे तंतोतंत समोरासमोर आले पाहिजेत. ते एक मायक्रॉन बाजूस सरकले तर शंभरातील सुमारे पाच भाग प्रकाश वाया जातो; दोन सरकले तर सतरा; आणि पाच सरकले तर सत्तरच्या घरात. अंतर दुप्पट झाले की घट दुपटीहून कितीतरी अधिक होते, हे व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावे.

मग इतकी सूक्ष्म जुळणी खांबावर चढलेला कारागीर हाताने करतो तरी कशी? तो ती करीतच नाही, यातच या युक्तीचे मर्म आहे. जुळणी कारखान्यातच होऊन आलेली असते. तंतू एका पांढऱ्या दंडगोल तुकड्याच्या मधोमध पाडलेल्या छिद्रात बसवितात. या तुकड्यास फेरूल म्हणतात. त्याचा व्यास अडीच मिलिमीटर, किंवा लहान जातीत सव्वा मिलिमीटर असतो. तो झिर्कोनियाचा असतो. सराफीतील मंडळींना हे नाव ऐकून मौज वाटेल, कारण अमेरिकन डायमंड म्हणून जो खडा विकला जातो तोही झिर्कोनियाच. फक्त स्फटिकाची जात निराळी. कठीण, न झिजणारा, व आकार न सोडणारा म्हणून येथे तो निवडला गेला. छिद्र ऐन मध्यावर आणि तुकड्याचा बाहेरचा गोल बिनचूक घडविला, की दोन गोल एका रेषेत आणले म्हणजे आतील गाभे आपोआप एका रेषेत येतात. ते काम एक लहान नळी करते. तिला लांबीने एक चीर दिलेली असते व तिचे भोक फेरूलहून किंचित लहान ठेवलेले असते. दोन्ही बाजूंनी फेरूल शिरले, की नळी जरा फाकते आणि दोहोंस सारखीच आवळून धरते. मागून स्प्रिंग त्यांस एकमेकांवर दाबून ठेवते.

हा दाबही निष्कारण नाही. दोन टोकांमध्ये हवेची फट राहिली, तर काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शंभरातील साडेतीन भाग प्रकाश उलटून माघारी येतो. म्हणून टोकांस घासून किंचित फुगीर गोलाई देतात, म्हणजे काच काचेला भिडते. हिरव्या रंगाच्या टोकांत तर हे पृष्ठ ८ अंश तिरके घासलेले असते, जेणेकरून परतणारा प्रकाश गाभ्याबाहेर निघून जावा. निळे टोक सरळ असते. हिरवे निळ्याशी जोडले, तर दांडी आत बसल्यासारखी दिसते, पण मध्ये फट राहते. अशा चुकीच्या जोडणीने कित्येक ठिकाणी लाईन कुंथत चालते आणि दोष मात्र पेटीस दिला जातो.

डॉ. नरिंदरसिंह कपानी यांनी १९५४ मध्ये तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी शुद्ध काचेतून संदेश दूरवर नेता येतील असे मांडले. आपल्या देशात टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली अशी यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यास सुरू झाली.

आता आमच्या डागाकडे येऊ. केंद्रातून निघालेला प्रकाश वाटेत बहुधा बत्तीस घरांत वाटला जातो. घरातील पेटीला निदान एका वॅटचा सुमारे दोन दशलक्षांश भाग तरी लागतो. त्याखाली गेला की तांबडा दिवा. मूळ भांडवलच इतके तुटपुंजे, तर गाभ्यावर बसलेला धुळीचा एक कण पुरेसा होतो. आणि आपल्या गावात भाताच्या गिरण्यांचा भुसा नि मॅंगनीजच्या वाटांवरची धूळ यांस तोटा नाही! सदऱ्याने पुसल्यास धूळ जाते व धागे येतात. फुंकर घातल्यास ओल बसते. यासाठी धागे न सोडणारा कागद व आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा टोक दाबताच कोरडी फीत फिरविणारी लेखणीसारखी कांडी, एवढेच साधन योग्य. टोकात डोळा घालून पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये. तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच तो घातक.

त्या तरुणाने जाताना, पेटीस त्या दिवशी मिळालेल्या प्रकाशाचा आकडा, उणे १९, तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवला. उणे २७ च्या जवळ जाऊ लागला तर बोलवा, असे तो म्हणाला. पेटीच्या पानावर तो आकडा आता आम्ही दर महिन्याच्या पहिल्या तारखेस वहीशी ताडून पाहतो.