मद्य, ॲसेटाल्डिहाइड आणि चेहऱ्यावरील लाली

जपानमधील कचेऱ्यांतून दिवसाचें काम आटोपल्यावर वरिष्ठांच्या व सहकाऱ्यांच्या समवेत मद्यपानास बसण्याची रीति दीर्घकाळ चालत आली आहे. अशा बैठकींत एक चमत्कारिक देखावा पुष्कळदां दिसतो. कोणी दोन-तीन पेले रिचवूनहि पूर्ववत् असतो. तर त्याच्या शेजारचा गृहस्थ अर्ध्या पेल्यांतच कानापर्यंत लालबुंद होतो, त्याचें हृदय धडधडूं लागतें, मस्तक ठणकतें आणि त्यास मळमळूं लागतें. मंडळी त्याची थट्टा करितात आणि संवयीनें जमेल, असा धीर देऊन दुसरा पेला पुढें करितात. हा धीर किती घातक आहे, हें समजण्यास ॲसेटाल्डिहाइड नांवाच्या द्रव्याची ओळख करून घेतली पाहिजे.

रसायनशास्त्रास हें द्रव्य नवें नाहीं. १७७४ सालीं शेले या स्वीडिश रसायनज्ञास तें प्रथम आढळलें आणि १८३५ सालीं जर्मनींतील लीबिग यानें त्याची घटना निश्चित केली. अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून घेतला असतां तें उत्पन्न होतें. त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून ‘आल्डिहाइड’ हें नांव बनविण्यांत आलें. त्यास उग्र, किंचित् फळासारखा वास येतो आणि सुमारें २० अंश सेंटिग्रेड उष्णतेवरच तें उकळतें. पिकलेल्या फळांत, पावांत, कॉफींत, इतकेंच काय पण दह्यांतहि त्याचा अल्प अंश असतो. एवढ्या अंशाचा निकाल निरोगी शरीर सहज लावतें. मद्याची गोष्ट निराळी आहे. कारण मद्यपानानंतर हें द्रव्य शरीरांतच आणि मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागतें.

पोटांत गेलेलें मद्य मुख्यतः यकृतांत दोन पायऱ्यांनीं नाहींसें होतें. पहिल्या पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, अल्कोहोलमधील हायड्रोजनचे दोन अणु काढून घेतें आणि त्याचें ॲसेटाल्डिहाइड होतें. दुसऱ्या पायरीवर दुसरें विकर त्याचें ॲसेटेटमध्यें, म्हणजे शिरक्यांतील आम्लाच्या रूपांत, परिवर्तन करितें. पुढें त्यांतून शरीरास ऊर्जा मिळते आणि अखेर कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतें. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं मधला पदार्थ मूळ अल्कोहोलपेक्षां कितीतरी अधिक विषारी आहे. दुसरी पायरी पहिलीच्या वेगानें चालली तरच तो साठत नाहीं.

ती पायरी मंदावली कीं लाली येते. साठलेल्या ॲसेटाल्डिहाइडमुळें रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी जलद होते आणि ओकारी येऊं पाहते. जपानी, चिनी व कोरियन लोकांपैकीं सुमारें एक-तृतीयांश लोकांत हा प्रकार जन्मतःच आढळतो. दुसऱ्या पायरीवरील विकराचा प्रत्येक घटक ५०० अमायनो आम्लांची एक सांखळी असतो. या लोकांत तींतील ४८७ वी कडी तेवढी बदललेली असते. असे चार घटक एकत्र येऊन विकर कार्य करितें. म्हणून चार बैलांच्या नांगरास एक लंगडा बैल जुंपला असतां इतर तिघांचीहि चाल बिघडावी, तसें होतें. मातापित्यांपैकीं एकाकडूनच सदोष जनुक आलें असलें, तरी विकराची शक्ति निम्म्याहून पुष्कळच खालीं जाते. दोघांकडूनहि आलें, तर ती जवळजवळ नसल्यासारखीच होते.

हीच स्थिति औषधानें कृत्रिम रीतीनेंहि आणतां येते. डेन्मार्कमधील याकोबसेन व हाल्ड हे संशोधक जंतांवर औषध शोधीत असतां डायसल्फिराम नांवाचें द्रव्य त्यांनीं स्वतःवर आजमावून पाहिलें. पुढें नेहमींप्रमाणें मद्य घेतांच ते अस्वस्थ झाले. रक्तांत ॲसेटाल्डिहाइड सांचत असल्याचें तपासाअंतीं दिसून आलें आणि १९४८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत हा शोध प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून दारूचें व्यसन सोडूं इच्छिणाऱ्यांस वैद्यांच्या देखरेखीखालीं हें औषध देण्यांत येतें. व्यसनी मनुष्यास जें कुंपण औषधानें घालावें लागतें, तें कोट्यवधि लोकांस निसर्गानें जन्मतः दिलेलें आहे.

परंतु कुंपण ओलांडण्याची शिकवण समाजच देऊं लागला, तर त्याचा उपयोग काय? जपानमध्यें मद्यासक्तीवर उपचार घेणाऱ्या रुग्णांची पाहणी हिगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केली. त्या रुग्णांपैकीं एक सदोष जनुक असलेल्यांचें प्रमाण १९७९ सालीं शेंकडा २.५ होतें; १९८६ सालीं तें ८ झालें आणि १९९२ सालीं १३ वर गेलें. अवघ्या तेरा वर्षांत लोकांचीं जनुकें बदलत नसतात. बदलली ती रीतभात.

अशा लोकांस या आग्रहाची किंमत फार मोठी द्यावी लागते. ॲसेटाल्डिहाइड पेशींतील डीएनएला चिकटतें, त्याचे धागे एकमेकांत जखडून टाकतें आणि आनुवंशिक लेखांत चुका घडवितें. पेशींजवळ दुरुस्तीची व्यवस्था आहे. पण नित्याच्या माऱ्यापुढें ती अपुरी पडते. तोंडांतील जंतुहि मद्यापासून हेंच द्रव्य बनवितात, त्यामुळें लाळेंतील त्याचें प्रमाण रक्तांतल्यापेक्षां पुष्कळ अधिक असतें. तंबाखूच्या धुरांतहि तें असतें. मद्य आणि धूम्रपान यांची जोडी विशेष घातक ठरण्याचें हें एक कारण आहे. मद्यपानांतून उद्भवणाऱ्या ॲसेटाल्डिहाइडची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००९ सालीं मनुष्यास कर्करोग निश्चितपणें उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. ज्यांचें विकर दुबळें आहे आणि तरीहि जे नित्य मद्य घेतात, त्यांस अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतर मद्यपींपेक्षां कित्येक पटींनीं अधिक असल्याचें जपानमधील संशोधनांत आढळलें आहे.

संवय झाल्यावर कित्येकांची लाली फिकट होते. कांहीं लोक बैठकीपूर्वीं आम्लपित्तावरची गोळी घेऊन ती झांकूनहि टाकतात. दोहोंतहि विकर आहे तसेंच दुबळें राहतें आणि विष आपलें काम करीतच असतें. दाराशीं भुंकणाऱ्या राखणदार कुत्र्याचें तोंड बांधल्यानें चोर परत जात नाहीं.

ज्याचा चेहरा अर्ध्या पेल्यानें लाल होतो, त्यास त्याच्या यकृतानें आपलें सामर्थ्य स्पष्ट शब्दांत सांगितलेलें असतें. त्यानें पेला खालीं ठेवावा. आणि शेजाऱ्यांनीं तो पुन्हां भरूं नये.