टाकी लपवायची, पण किती उंच?
(लेखमाला ‘अंगण-परस’, भाग ९)

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. गाव शहरात आले, तरी मळ्यातल्या घरांची आणि जुन्या प्लॉटिंगमधल्या कितीतरी बंगल्यांची भिस्त अजून सेप्टिक टँकवरच आहे. घर बांधताना मालकाचे लक्ष खोल्यांवर असते आणि गवंडी टाकी सोयीच्या जागी उरकून मोकळा होतो. पुढे व्हरांड्यात निवांत चहा घ्यायला बसावे, तर समोर फूटभर वर आलेला सिमेंटचा ओटा, त्यावर दोन झाकणे आणि कोपऱ्यात उभा पाइप. मग सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या नर्सरीतून उभ्या अशोकाची डझनभर रोपे येतात आणि टाकीला खेटून रांगेत लागतात.

एवढ्या उंच झाडांची गरज आहे का, हे आधी खुर्चीत बसूनच पाहावे. जोत्यासकट आपले डोळे जमिनीपासून साधारण ५ फुटांवर असतात. समजा, टाकी २४ फुटांवर सुरू होऊन ३२ फुटांवर संपते आणि जमिनीच्या फूटभर वर आहे. डोळ्यांपासून टाकीच्या पलीकडच्या काठापर्यंत सुतळी ताणली, तर टाकीच्या ४ फूट अलीकडे ती जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर येते. म्हणजे तिथे अडीच फुटांचे दाट झुडूप असले की टाकी दिसेनाशी होते. उभ्याने पाहणाऱ्यासाठी आणखी फूटभर धरले तरी पुष्कळ झाले. कमरेएवढ्या आडोशाने भागत असेल, तर पंधरा-वीस फुटांची झाडे पोसायची कशाला? वरच्या मजल्याच्या खिडकीतून मात्र टाकी दिसणारच. तिथे फार तर स्लॅबवर, झाकणे सोडून, दोन-चार हलक्या कुंड्या ठेवाव्यात. मातीचा ढीग टाकून वाफा करू नये, स्लॅब त्या वजनासाठी घातलेला नसतो.

उंची कमी केली की मुळांची निम्मी चिंता तिथेच मिटते. नदीकाठच्या काळ्या मातीची खोड सगळ्यांना ठाऊक आहे: पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत जोडांवर ताण येतो, आणि एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचे सगळे कोरडे पडले की मुळे ओलाव्याच्या मागावर निघतात. पाइपच्या जोडातली केसभर फटही त्यांना पुरते. वड, पिंपळ, उंबर आणि शोभेचे फायकस यांना टाकीच्या आसपास थारा देऊ नये. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ स्लॅबच्या चिरेत आपोआप उगवतो, तो दोन पानांचा असतानाच उपटावा. बांबू आणि मधुमालतीही नको. एक कोंबाने पसरतो, दुसरी मुळांतून फुटवे काढत कुठल्या कुठे जाते. वाळा मातीला छान धरतो, पण त्याची मुळे फार खोल जातात.

मग लावायचे काय? माझी पहिली पसंती कामिनीला. वाढ सावकाश, पाने गर्द, कात्री सहन करते. अडुळसाही चांगला, त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, आणि मांजरीच्या मोकळ्या प्लॉटवर ही गोष्ट छोटी नाही. ड्युरांटा, अकॅलिफा, कोरांटी चालतात. एक्झोरा नर्सरीत फार मोहक दिसतो, पण तो कोकणातल्या आम्लधर्मी मातीचा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात आणि मग लोहाची औषधे देत बसावे लागते. तगर आणि जास्वंद उत्तम वाढतील, पण त्या जागेची फुले देवाला घालायला घरातल्या आजी तयार होतील का, ते आधी विचारून घ्यावे.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी जिथे मुरते, त्या शोषखड्ड्याभोवतीचा हिशेब वेगळा. तिथे ओल कायम असते, म्हणून कर्दळ, स्पायडर लिली किंवा साधी हिरवळ खुशाल लावा. कर्दळ तर सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या पाणवनस्पतींच्या वाफ्यांतही वापरतात. परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी पोसायची आपली जुनी रीत आहे, पण ते पाणी न्हाणीचे आणि भांड्यांचे होते. संडासाच्या पाण्याजवळ अळू, पालक, कोथिंबीर, मुळा यांतले काहीही नको. मांजरी गोटा वांग्यांच्या गावात वांगीही दुसऱ्या वाफ्यात गेली तर बिघडत नाही.

टाकीची झाकणे मोकळी राहतील हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. टाकीतला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. वाई नगरपालिकेने तर प्रत्येक घराची टाकी ठरावीक पाळीने रिकामी करायची पद्धत बसवली. २०१३ च्या कायद्याने माणसाला कोणत्याही संरक्षणाशिवाय टाकीत उतरवणे गुन्हा आहे. काम करायचे ते मैला उपसणाऱ्या गाडीने, आणि तिचा जाड पाइप झुडपांची रांग तुडवत जाणार नाही अशी वाट आधीच ठेवायला हवी. रांगेला मध्ये तीन फुटांची फट ठेवा आणि तिच्या पुढे एक मोठी कुंडी मांडा. गाडी आली की कुंडी सरकवायची. टाकीभोवतीचा हातभर पट्टा मोकळा, खडीचा ठेवला तर विंचू-साप लपत नाहीत आणि स्लॅबला तडा गेला तर लगेच दिसतो.

व्हेंट पाइपवर वेल चढवू नये. विषारी वायू बाहेर जायला तो मोकळाच हवा. त्याला फिका हिरवा रंग द्या आणि तोंडाला डास अडवणारी जाळी बांधा. वास येत असेल, तर कामिनीच्या सुगंधाने तो झाकू पाहू नका. टाकी भरली असेल किंवा पाइप तुंबला असेल, ते आधी बघा.

लागवड पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर करावी. कामिनीची रोपे दोन-दोन फुटांवर लावली की दाट रांग होते. ती तीन-साडेतीन फुटांवर गेली की वर्षातून दोनदा शेंडे छाटावेत, आणि छाटलेला पाला टाकीवर न टाकता खतखड्ड्यात टाकावा.