पटिंगची दोरी

जांभ्या दगडाचा थर लावण्यापूर्वी दापोलीचा गवंडी दोन टोकांना दोरी ताणून बांधतो, कारण केवळ नजरेच्या साक्षीवर त्याचा भरवसा नसतो; आणि गोल्फमध्ये हिरवळीवरून चेंडू हळुवार सरकवून भोकात घालण्याच्या क्रियेचा, म्हणजेच पटिंगचा, सराव करणाऱ्या इसमासही हीच दक्षता घ्यावी लागते. भोकाचा व्यास अवघा 108 मिलिमीटर. तीन मीटरांवरून दिशा एका अंशाने चुकली, तर चेंडू मध्यापासून सुमारे 52 मिलिमीटर ढळतो, म्हणजे जेमतेम काठाशी पोहोचतो. यास्तव सपाट हिरवळीवर चेंडूच्या मागे व भोकापलीकडे खुंट्या रोवून, त्यांवर वीतभर उंचीची दोरी ताणून, तिच्याखाली चेंडू ठेवतात आणि पटरचे, म्हणजे पटिंगच्या काठीचे, तोंड दोरीशी काटकोनात येते की नाही, हे पडताळतात. डोळा नेमका चेंडूवर असेल, तर दोरी त्याच्या मधोमध दिसते. मस्तक आत वा बाहेर झुकले, की ती बाजूला सरकल्याचा भास होतो, आणि माझ्या मते साऱ्या सरावाचे मर्म या भासाच्या निरीक्षणातच आहे. जमिनीवरचा आरसाही हेच दाखवितो. उतार असल्यास मात्र दोरी भोकाकडे न रोखता चेंडू जेथून वळावा त्या दिशेस रोखावी. प्रत्यक्ष सामन्यात अशा साधनांना सक्त मनाई आहे. चेंडूवर आखलेली रेघ मात्र नियमांस मंजूर.